मोठीआईचं माहेर

आमची मोठीआई देवालाही दटावत असे. नैवेद्याला उशीर झाला की स्वयंपाकघरातूनच गणपतीला ओरडून सांगायची, "थांब जरा, कुकर नाही झाला अजून!" गुरुजी कावरेबावरे व्हायचे. "देवाचं तुम्ही माझ्यावर सोडा," ती म्हणे, आणि ते बिचारे सोडून देत.

मोठीआई म्हणजे माझी मोठी काकू. वर्ध्याची पोर, लग्न होऊन रायपूरला आमच्या तात्यापाऱ्यातल्या घरात आली. भोसल्यांच्या फौजेबरोबर आमचा कुणी पूर्वज इकडे आला आणि परत जायचं विसरला, असं तिचे यजमान, आमचे मोठेबाबा, सांगत. आम्ही पोरं तिच्याशी हिंदीत बोलायचो. ती म्हणायची, "तू हिंदीत भांड, मी मराठीत जिंकते." आणि जिंकायचीच, मेली!

सणावारी काही अडलं की शहरातली मराठी घरं तिलाच फोन करीत. एकदा तेलीबांध्याच्या नव्या फ्लॅटमधून एका वहिनींचा रडवेला फोन आला, महालक्ष्म्या बसवायला जागाच नाही. "सोफा काहून नाही सरकवत?" मोठीआई म्हणाली. "सोफा तं वर्षभर बसते. लक्ष्म्या तीन दिवस बसतात." लगेच सोफा गॅलरीत गेला.

तिच्या मुलाने, आमच्या संजूदादाने, नवा रायपूरला नोकरी धरली आणि ऑफिसातल्याच गोमतीशी लग्न केलं. गोमती छत्तीसगढी, बीरगांवच्या पलीकडच्या एका खेड्यातली. आमच्याकडच्यांनी नाकं मुरडली. मोठीआई म्हणाली, "पोट्टी मोकळी हसते. अजून काय पाहिजे तुम्हाले?" पण तिकडे गोमतीचे वडील रुसलेले. लग्नात ते जेवलेसुद्धा नाहीत.

पहिल्याच भाद्रपदात गोमतीचा भाऊ दारात उभा राहिला. "बहिनी ला लेगे बर आए हंव, दाई." तीजेसाठी बहिणीला न्यायला आला होता. तीजेच्या दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे गणपती बसायचे, आणि नव्या सुनेचा पहिला गणपती बघायला नागपूरची मंडळी येणार होती.

"उपासच करायचा ना? मग इथंच कर," मोठीआई म्हणाली. "आपल्यात हरतालिका त्याच दिवशी असते."

"हव, आई," म्हणून गोमती आत गेली. तिचं ते हसू कुठे गेलं कोण जाणे. भावाने चहाला हात लावला नाही. मग खाली मान घालून हिंदीत सांगितलं, की तीजा नुसत्या उपासाचा सण नाही. आदल्या संध्याकाळी गावातल्या सगळ्या लेकी माहेरी जमून कारल्याची भाजी आणि भात खातात. पहिल्याच वर्षी गोमतीचं ताट मांडलं गेलं नाही, तर गाव म्हणणार, सासरच्यांनी पाठवलं नाही. बाबूजी आत्ता कुठे तिचं नाव घ्यायला लागले होते, ते पुन्हा तोंड फिरवतील.

"गणपतीत घरची सून बाहेर?" मोठेबाबा पुटपुटले. "लोक काय म्हणतील?"

मोठीआई चिंचेने महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे घासत बसली होती. तिचा हात थांबला.

"अहो, ही गौर येते ते कुठे येते? माहेरीच येते ना? ती आली म्हणून आपण सोळा भाज्या रांधतो. अन् आपल्या घरची गौर माहेरी जातो म्हणून राहिली, तं दार अडवून बसायचं? चुकलं माझं. मले वाटलं, उपासाचंच आहे." मग आत हाक मारली, "गोमती, बॅग भर! पाहुण्यांचं मी पाहते. अन् भाऊ, लक्ष्म्या यायच्या दिवशी हिला आणून सोडजो."

पाहुणे आले. "सून कुठाय?" "माहेरी." "गणपतीत?" "हव, गणपतीत. पुरण वाढू?" लक्ष्म्यांच्या दिवशी गोमती ठेठरी-खुरमीचा डबा घेऊन हसत परतली. मोठीआईने तो फराळ लक्ष्म्यांपुढेच मांडला. चालतं का असं, नागपूरच्या आत्याने विचारलं. "पाहा बरं, त्यांनी तोंड वाकडं केलं का?" मोठीआई म्हणाली. त्यानंतर गोमतीची एकही तीजा चुकली नाही.

स्वतः मोठीआई मात्र सणाला वर्ध्याला कधी गेलीच नाही. तिच्या सासूने, म्हणजे आमच्याच आजीने, पाठवलं नाही, आणि पुढे तिकडे कुणी उरलंही नाही. मला अजून राग येतो त्या सासूचा.

गेल्या वर्षी मोठीआई गेली. अंगण भरून माणसं जमली होती. आमच्याकडे बाईला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. म्हाताऱ्या बायका कुजबुजू लागल्या, हिचं कोण आणणार? कुणी म्हणालं, दुकानातून मागवा, काय करता!

तेवढ्यात गोमतीचे वडील गर्दीतून पुढे आले. पायांवर धूळ, हातात नवं हिरवं लुगडं.

"मागवायचं काहून?" गोमती रडत रडत मराठीत म्हणाली.

म्हाताऱ्याने लुगड्याची घडी मोडली. "मोर बहिनी ए," ही माझी बहीण, असं तो म्हणाला. "लुगरा मइके ले आए हे."