राखराजाचे शेवटचे वाक्य

वर्गात कोणी भुताखेताची गोष्ट काढली की मी दोनच प्रश्न विचारत आलो आहे : पाहिले कोणी, आणि त्या वेळी उजेड किती होता? बहुतेक गोष्टी या दोन प्रश्नांवर संपतात. मी शहाद्याच्या एका माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवतो. 'अमानवीय' या शब्दावर माझा कधीच विश्वास नव्हता आणि आजही तो मी नाइलाजाने वापरतो आहे. कारण पुढे लिहिलेला प्रसंग मी स्वतः पाहिला, आणि त्या वेळी भर दुपारचा उजेड होता...

आमचे मूळ घर ब्राह्मणपुरीच्या बाजूच्या एका लहान गावात आहे. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. तिथे माझी थोरली वहिनी, सुमनवहिनी, आणि तिचा मुलगा निलेश राहतात. निलेश तिशीला आलेला आहे; शाळेत तो माझाच विद्यार्थी होता. पुण्यात काही वर्षे कॉम्प्युटरचे काम करून तो घरी परतला आणि आता ओसरीला लागून असलेल्या खोलीत बसून तेच काम करतो.

माझा थोरला भाऊ, ज्याला आम्ही सगळे आप्पा म्हणत असू, उसाच्या आगीत गेला. बांधापलीकडचे शेत आमच्या चुलतभावाचे, भिकनचे. दोघांचे बांधावरून बोलणे बंद होते. ऊस तुटल्यावर शेतात जो वाळला पाला उरतो, त्याला पाचट म्हणतात. ते पेटवण्याआधी शेजाऱ्याला हाक द्यायची आणि वारा पडेपर्यंत थांबायचे, अशी आमच्याकडे रीत आहे. भिकनने त्या दुपारी यांपैकी काहीच केले नाही. आग आमच्या उभ्या उसात शिरली. आप्पा बैलजोडी सोडवायला आत धावला. बैल बाहेर आले.

कागदोपत्री तो अपघात ठरला. गावाने मात्र त्याला घातच म्हटले. भिकन कोणाशी एक शब्द न बोलता निघून गेला, आणि नवापूरकडे कोंबड्यांच्या शेडवर राखणदारी करतो एवढेच आमच्या कानावर येत असे. त्याने गुन्हा कबूल केला नाही, नाकारलाही नाही. निलेशला सर्वांत जास्त सलत होते ते हेच.

आता गेमविषयी थोडे सांगतो, कारण माझ्या वयाच्या वाचकांना हा प्रकार परका असेल. रोल-प्लेइंग गेममध्ये खेळणारा एका पात्राचा देह धारण करतो, काल्पनिक राज्यांतून भटकतो, शस्त्रे आणि सामर्थ्य मिळवतो आणि शेवटी खलनायकासमोर उभा राहतो. निलेश फावल्या वेळात असा एक गेम स्वतः बनवत होता. त्याचा खलनायक होता राखराजा. त्याने नायकाचे गाव जाळलेले असते.

निलेशचे म्हणणे असे की, बहुतेक गेमचा शेवट इथेच फसतो. आपण इतका प्रवास करून येतो, खलनायकाला मारतो, आणि आपण कोण हे त्याला शेवटपर्यंत कळतच नाही! नुसते मारणे म्हणजे सूड नव्हे. त्याने आधी ओळखले पाहिजे, मग केलेले कृत्य स्वतःच्या तोंडाने म्हटले पाहिजे, आणि त्यानंतर घाव. मला हे पटले. सिद्धतेची शेवटची ओळ गाळणाऱ्या विद्यार्थ्याचे मीही गुण कापतो. म्हणून त्याच्या विनंतीवरून त्या प्रसंगाचे संवाद मीच लिहून दिले, शुद्ध पुस्तकी मराठीत : "होय, तुला मी ओळखले आहे. तुझे गाव मीच जाळले."

राखराजाचा चेहरा मात्र निलेशने एका जुन्या लग्नाच्या फोटोवरून घडवला होता. तो भिकनचा चेहरा होता. हे योग्य नाही, असे मी त्याला सांगितले. तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "काका, खराले हात लावाना नही म्हनीसन याले मारी ऱ्हायनू." खऱ्या माणसाला हात लावायचा नाही, म्हणून याला मारतो आहे... यात वावगे काय, असा मीही विचार केला.

सुरुवातीला त्याचा परिणाम चांगलाच दिसला. तो नीट जेवू लागला, आईशी हसून बोलू लागला. पुढे मात्र एकदा मारून त्याचे भागेना. काम संपले की गेम लावायचा, राखराजाला गुडघ्यावर आणायचे, ते वाक्य वदवायचे, घाव घालायचा आणि लगेच पुन्हा मागच्या सेव्हवर, म्हणजे आधी जतन केलेल्या टप्प्यावर, जायचे. स्क्रीनवर कोण आहे हे वहिनीला ठाऊक नव्हते. दारातून जाता जाता ती त्याला टोमणा मारी, "हाऊ राजा रोज मरस नि रोज उठस. मन्हा घरना उंदीर बी असाच शेतस." घरचे उंदीरही असेच, असे तिचे म्हणणे. निलेश हसत नसे.

श्रावण लागला. आमच्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आम्हा खानदेशी लोकांची देवी, बसते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या बायका आधी गहू मोजून घेतात : भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाचे नाव उच्चारायचे आणि सव्वा मूठ गहू परातीत टाकायचे. त्याच गव्हाचे रोट होतात आणि ते फक्त भाऊबंदांनीच खायचे असतात. ज्याचे नाव घेतले तो आपला. आप्पा गेल्यापासून भिकनचे नाव कोणी घेतले नव्हते.

गहू मोजायच्या दिवशी मला सुट्टी होती, म्हणून मी गावी होतो. हात धुवून परातीकडे निघालेली वहिनी काही विचारायला निलेशच्या दारात थांबली. नेमका त्याच वेळी राखराजाचा चेहरा पूर्ण स्क्रीनभर होता. ती बराच वेळ पाहत राहिली. मग स्वयंपाकघरात जाऊन बसली. मी ओसरीवर होतो. आतून एकेक नाव आणि पाठोपाठ गहू पडल्याचा आवाज ऐकू येत होता. माझे नाव झाले. निलेशचे झाले. आणि त्याच सुरात, त्याच आवाजात वहिनी म्हणाली, "भिकन." गहू परातीत पडले.

कोणीतरी ती मूठ काढून टाका म्हणाले. पण काढणार कशी? दाण्यांत दाणे मिसळले होते. आमच्या मोठ्या काकू, घरातल्या सर्वांत वडील, तेवढ्या शांतपणे म्हणाल्या, "मूठ पडनी ती पडनी. आते त्याले सांगाले जावं लागी." नाव घेतले आहे, तर आता रोटाचे आमंत्रण द्यावेच लागेल.

तोवर ओसरीवर आलेल्या निलेशने हे ऐकले. तो तसाच मागे फिरला. खोलीत गेला आणि त्याने गेम लावला. त्याचा चेहरा बरा दिसत नव्हता, म्हणून मी जाऊन त्याच्या शेजारी बसलो.

पुढचे मी जितके नेमके आठवते तितके नेमके लिहितो. राखराजा सिंहासनाच्या पायरीवर उभा होता. निलेशने घाव घातला. राखराजाची शक्ती दाखवणारी लाल पट्टी हलली नाही. पुन्हा घाव, पुन्हा तेच. एरवी या ठिकाणी राखराजा उलट वार करतो, पण त्या दिवशी तो नुसता उभा होता. मग तो आपण होऊन खाली बसला. गुडघ्यावर नव्हे, मांडी घालून, ओट्यावर माणूस बसतो तसा. तशी हालचाल आपण बनवलेलीच नाही, असे निलेश पुटपुटला. आणि संवादाच्या चौकटीत अक्षरे उमटू लागली...

"निल्या, तुन्हा बाप पानी मांगी ऱ्हायंता. मी दिधं नही."

तुझा बाप पाणी मागत होता. मी दिले नाही. संपूर्ण गेममध्ये अहिराणीचा एक शब्द नाही. 'निल्या' ही हाक त्याला लहानपणी घरचेच मारत. आगीच्या वेळी भिकन आप्पाजवळ होता, हेही आम्हाला कधी ठाऊक नव्हते. वाक्य काही क्षण तसेच राहिले. निलेशने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "तुमीबी वाचं ना?" मी मान हलवली. त्याने सगळ्या फाइली उघडून शोध घेतला. ते वाक्य कुठेही नव्हते. प्रसंग पुन्हा चालवला, तेव्हा राखराजा नेहमीप्रमाणे लढला, माझे पुस्तकी वाक्य बोलला आणि मेला.

आमंत्रण द्यायला वडीलधारा म्हणून मी जाणार होतो. निलेश म्हणाला, मीही येतो. मी नको म्हणालो, पण त्याला अडवणे माझ्या हातात नव्हते. शहाद्याहून नंदुरबार आणि तिथून नवापूर, एवढा प्रवास तो समोरच्या सीटची दांडी घट्ट धरून बसला. मला एकच भीती होती : हा मुलगा तिथे काही करून बसू नये.

शेडच्या मागे पत्र्याची खोली होती. भिकनचे जेवणखाण पाहणारी, तिथल्या कोकणी आदिवासी समाजातली एक बाई दारात भेटली. तिने सांगितले की म्हाताऱ्याला लकवा झाला आहे, अर्धे अंग गेले, वाचाही गेली. दवाखान्यातून परत पाठवले. मी सहज विचारले, कधीपासून? तिने सांगितलेला दिवस आमच्याकडे गहू मोजले तोच होता. वेळ दुपारची.

मी तिच्याशी बोलत दारात थांबलो, निलेश आत गेला. खाटेवरच्या माणसाने त्याला ओळखले यात मला तिळमात्र शंका नाही. त्याचे डोळे भरून आले आणि चालता हात वर उठला. निलेशने हळू आवाजात विचारले, "मन्हा बापले पानी दिधं व्हतं का तू?"

भिकनच्या तोंडून एक आवाज निघाला. तो होकार होता की नकार, हे कोणालाही सांगता आले नसते. मग त्याने हात ओठांकडे नेला आणि खिडकीजवळच्या स्टीलच्या ग्लासाकडे बोट केले. पाणी मागत होता.

निलेशने ग्लास उचलला. तो भरलेला होता. तो बराच वेळ हातात धरून उभा राहिला. नंतर त्याने तो खिडकीत, खाटेवरून हात पुरणार नाही इतका आत सरकवून ठेवला, आणि माझ्या शेजारून बाहेर निघून गेला.

मी धावलो. चमचा घेऊन पाणी भिकनच्या ओठांशी नेले. त्याने ओठ मिटून घेतले आणि मान दाराकडे वळवली. मी पुन्हा प्रयत्न केला, त्या बाईनेही केला. त्याला पाणी हवे होते, पण आमच्या हातचे नको होते. मी बाहेर जाऊन निलेशला विनवले. तो रस्त्यावर पाठ करून उभा होता. शेवटी मी भिकनच्या कानाशी रोटाचे आमंत्रण सांगितले, त्या बाईला माझा नंबर दिला आणि निघालो. ते त्याला कळले की नाही, माहीत नाही.

एसटीत निलेश एवढेच म्हणाला, "गेममा असं वाटस नही, काका."

नंदुरबारच्या स्टँडवर उतरलो तेव्हा त्या बाईचा फोन आला. भिकन गेला होता. भाऊबंदकीला सुतक आले. त्या वर्षी आमच्याकडे कानबाई बसली नाही आणि परातीतले गहू न दळताच राहिले.

मी माझ्या सवयीप्रमाणे एकेक शक्यता तपासली आहे. निलेशने ते वाक्य स्वतःच लिहिले आणि विसरला? मग ते फाइलीत सापडायला हवे होते. मला भास झाला? दोघांना एकच भास, शब्दाला शब्द जुळवून, होत नाही. बाहेरून कोणी लॅपटॉपमध्ये शिरले? ज्याला 'निल्या' ही हाक माहीत आहे असा माणूस आमच्या घराबाहेर एकच होता, आणि तो त्या वेळी बहुधा खाली कोसळत होता. तेव्हा मी मनाशी असे ठरवले, की वाचा जाताना भिकनचा कबुलीजबाब कसा तरी आमच्यापर्यंत पोहोचला. शास्त्रात बसत नव्हते, पण निदान त्याला अर्थ होता. निलेशनेही तेच धरून ठेवले होते. बापाला पाणी न देणाऱ्याला पाणी दिले नाही. हिशेब पुरा.

सुतक फिटल्यावर एका सकाळी आम्ही तिघे ओसरीवर चहा घेत होतो. वहिनीला त्या वाक्याविषयी आम्ही सांगितलेच नव्हते. आप्पा तहानेला गेला, हे कोणत्या तोंडाने सांगणार? पण त्या दिवशी निलेशला राहवले नाही. त्याने सगळे सांगून टाकले, ग्लासासकट.

वहिनीने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "खोटं शे ते. त्यास्ले घर आनं तव्हय तोंडवर वल्ला गमछा व्हता. आपला नव्हता. भिकनना व्हता. कोनीतरी पानी पाजेल व्हतं त्यास्ले."

आप्पाला घरी आणले तेव्हा त्याच्या तोंडावर भिकनचा ओला गमछा होता, कोणीतरी त्याला पाणी पाजले होते... भिकन त्या आगीत त्याच्यापर्यंत गेला होता. मी विचारले, वहिनी, हे इतकी वर्षे का बोलली नाहीस? ती म्हणाली, आग त्याचीच होती ना, मग गमछ्याचे कौतुक कोणाला सांगू? "मी सांगं असतं तं कोनी ऐकं असतं का?" गमछा तिने गुपचूप धुऊन ठेवून दिला होता. त्या दिवशी स्क्रीनवर तोंड पाहिले, तेव्हा तिला आधी तो गमछाच आठवला, आणि गहू मोजताना नाव आपोआप बाहेर पडले.

म्हणजे स्क्रीनवर उमटलेला तो भिकनचा कबुलीजबाब नव्हता. भिकन स्वतःविरुद्ध असे खोटे कशाला बोलेल? ते वाक्य ज्याचे कोणाचे होते, त्याला निलेशच्या हातून नेमकी कोणती गोष्ट करवून घ्यायची होती, हे मला आता स्पष्ट दिसते. ती त्याने करवून घेतली. ते वाक्य कोणाचे होते, हे मात्र दिसत नाही.

निलेशच्या कपातला चहा गार झाला होता. त्याने माझ्याकडे पाहिले, वर्गात खूप पूर्वी पाहत असे तसे, सरांना उत्तर येतच असणार अशा खात्रीने.

"मंग ते कोन बोलनं, काका?"

मी त्याला खरे तेच सांगितले. मला माहीत नाही.