भोगीचं वांगं आणि भाऊजींची गाडी

श्रीगोंद्याहून आलेल्या टेम्पोतून आज साखर कारखान्यातली खताची मळी उतरली आणि सावेडीतल्या आमच्या परसात तिचा आंबूस, उबट वास पसरला. शेजारणीनं खिडकी लावून घेतली. मी मात्र छाती भरून श्वास घेतला. मला हा वास खताचा नाही, सुडाचा येतो.

इथेच सासूबाईंची वांगी होती. नगरच्या कोरड्या हवेत, भांडी विसळलेल्या पाण्यावर त्या गावठी काटेरी वांगी पिकवायच्या. "भोगीच्या भाजीत घरचं वांगं पायजे, न्हाईतर ती भोगी कसली?" असं म्हणत संक्रांतीच्या आदल्या दिवशी पदरात वांगी घेऊन यायच्या. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर ती भाजी खायला सगळं घर एका ओळीत बसायचं. त्या गेल्यावर ती झाडं मी सांभाळली. मग चार दिवस पुणतांब्याला माहेरी गेले, तेवढ्यात पुण्याहून आलेल्या माझ्या धाकट्या दिरांनी आपल्या नव्या गाडीसाठी अख्खं परस काँक्रीटनं बुजवलं. फुलावर आलेली झाडं उपटून कुंपणाशी टाकलेली. मी रडले, भांडले. ते हसत म्हणाले, "वहिनी, बाजारात वांगी मिळत न्हाईत व्हय?" यजमान पेपरात तोंड घालून बसले. त्या वर्षीची भोगी बाजारच्या वांग्यांची झाली.

त्याच भोगीला भाऊजी दुपारचे घोरत असताना मी कपडे वाळत घालायच्या दोरीनं त्यांच्या गाडीची रुंदी मापली आणि गाठ मारून ठेवली. ते गेल्यावर गवंडी बोलावून त्याच काँक्रीटवर विटांचे उंच वाफे बांधून घेतले. वांग्याची मुळं खोल जातात म्हणून उंची गुडघ्याच्या वर, पाणी तुंबू नये म्हणून तळाच्या विटांत फटी, त्यावर खडी, मग मळी, शेणखत आणि काळी माती. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचावा एवढीच रुंदी. आणि फाटकासमोरच्या दोन वाफ्यांमधलं अंतर गाठीपेक्षा वीतभर कमी. इतकं मन लावून मी लग्नाचा शालूसुद्धा निवडला नव्हता. बी सासूबाईंच्याच हातचं, स्वयंपाकघराच्या दारावर त्यांनी टांगून वाळवलेल्या वांग्यातलं.

गेल्या भोगीला भाऊजी आले. फाटकापाशी बराच वेळ गाडी मागेपुढे करत राहिले.

"आता गाडी कुठं लावू, वहिनी?"

"रस्त्यावर जागा मिळत न्हाई व्हय, भाऊजी?" मी म्हणाले. हे वाक्य मी वर्षभर घासूनपुसून ठेवलं होतं.

जेवताना पहिल्याच घासाला ते थांबले. "आईच्या वांग्याची चव हाय ही," एवढंच बोलले आणि ताटावरून मान वर केली नाही. मला आनंद झाला, पण ठरवला होता तेवढा नाही. हात धुऊन ते स्वयंपाकघराच्या दारात आले आणि हळूच म्हणाले, "बी असेल का थोडं? गॅलरीत कुंडीत लावीन म्हणतो."

"यंदा धरलंच न्हाई," मी म्हणाले. त्यांच्या डोक्यावरच, दाराच्या चौकटीला, बियाण्याचं पिवळं वांगं लटकत होतं. त्यांनी वर पाहिलं नाही.

वाफ्यांतली माती वर्षभरात खचते, म्हणून आज मळीची भर घालते आहे. काँक्रीट तसंच आहे आणि त्याखाली सासूबाईंची माती, ऊन-पाण्यावाचून. त्यांच्याकडे कुणी बी मागितलं असतं तर त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून लगेच हातावर ठेवलं असतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. मीही कागद काढून ठेवला आहे. पुडी मात्र अजून बांधलेली नाही.