शिवगंगेनं घेतलेली परीक्षा

पडदा वर जातो तेव्हा दिसते ती माझीच खोली. नांदेड, भर दुपार. गॅसवर चहा, जमिनीवर सतरंजी, तिच्यावर समोरासमोर मायलेकी. आई कस्तुराबाई पदर सावरून बसलेली, मुलगी शिवगंगा पेन धरून. प्रेक्षक मी एकटा.

शिवगंगा माझ्या वरच्या खोलीत राहते. भोकरकडच्या शेतकऱ्याची मुलगी, घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. शहरातल्या म्हातारीचं विसरणं डॉक्टरपर्यंत पोचतं, खेड्यातलीचं म्हातारचळ म्हणून सोडून देतात. असं का, हा तिचा अभ्यास. अशा घरांतून आलेल्या संशोधकांना लातूरची एक संस्था फेलोशिप देते. दुसऱ्या दिवशी तिची मुलाखत होती. मी तिला आवाज लावायला शिकवत होतो, पण ती सकाळपासून घास गिळत नव्हती. "काका, तिथं माझ्या तोंडून शब्दच फुटायचा न्हाई," म्हणायची.

पाहणीत गावोगावच्या बायकांना दिलेली स्मरणशक्तीची चाचणी तिनं सराव म्हणून आईवर घेतली.

"आई, ध्यानात ठेव. शेषेराव, वेशीजवळचं घर, मुदखेड. सांग बरं."

"वेशीजवळचं घर, मुदखेड."

"आणि माणसाचं नाव?"

"काय परीक्षा घेऊन राहिलीस माय. चहा उतू चालला बघ."

पुन्हा विचारलं, पुन्हा नाव गळलं. तिच्या पाहणीत हेच तर निघालं होतं: गावाकडच्या बायकांचं आधी नाव जातं, मग बाकीचं. ती उठून माझ्याजवळ आली. "मी उद्या जात न्हाई, काका. आईला घेऊन गावी जाते. आजी शेवटी मला ओळखत नव्हती."

मलाही ते खरंच वाटलं. पण उभा जन्म नाटकात गेला. संवाद विसरलेली माणसं मी खूप पाहिलीत. विसरलेला नट विंगेतल्या प्रॉम्प्टरकडे बघतो. ही बाई पदराकडे बघत होती. मी समोर जाऊन बसलो.

"ताई, आठवत न्हाई, का घ्यायचं न्हाई?"

त्यांनी मान खाली घातली. "आमच्या चुलत सासऱ्याचं हाय ते. तोंडानं कसं घेऊ, भाऊ?"

"बापूंचं?" शिवगंगा बघतच राहिली. घरात सगळे त्यांना बापूच म्हणायचे. "मग सांगायचं न्हाई का?"

"तू मॅडमवानी बसली होतीस. न्हाई म्हटलं तर नापास करशील वाटलं."

ती हसली, आणि हसताहसता थांबली. आमच्या भागात शेषेराव घरोघरी. किती जणींना तिनं उगाच आजारी ठरवलं होतं? आता तेच उद्या समितीसमोर मांडायचं? रडवेल्या आवाजात तिनं मार्गदर्शक मनस्विनीबाईंना फोन लावला. त्या इतकंच म्हणाल्या, "बाहेरच्या माणसाला हे सापडलं नसतं. उद्या हेच सांग. मी तिथं आहे."

लातूरला मीही गेलो; मुलाखत खुली होती, मागच्या खुर्चीत बसलो. फेलोशिप तिला मिळाली, पण ते पुढं कळलं. त्या दिवशी तिचा आवाज माझ्यापर्यंत जेमतेम पोचत होता. माझी शिकवणी वायाच गेली. समितीतल्या एकानं विचारलं, "तुमचाच निष्कर्ष चुकला म्हणता, मग पैसे कशासाठी द्यायचे?"

ती म्हणाली, "कोण विसरली आणि कोण गप्प बसली, हे मला आज सांगता येत नाही, सर. परत जाऊन त्यांनाच विचारायचंय."