नसांचं तुटकं कडं

चांदा जिल्ह्यातल्या त्या गावात इतवारी म्हाल्याकडे, म्हणजे न्हाव्याकडे, लोक दाढीपेक्षा मान मोडून घ्यायला येत. एक हात हनुवटीला, दुसरा कानामागे, आणि कट्‌कन आवाज. धानाचे भारे वाहून आखडलेला गडी "वा रे इतवारी!" म्हणत उठे.

मालगुजारी गेली, जमीनदारांचे हक्क संपले त्या साली, दिवाळीनंतर गावातले मोठे शेतकरी गुणवंतराव त्याच्यापुढे बसले. मानेचा आवाज झाला, पण ते उठले नाहीत. जीभ वळेना, डावं अंग गेलं. नागपूरच्या दवाखान्यात नेलं, तिथंच ते वारले.

गावानं इतवारीचं नाव 'मानमोड्या' ठेवलं आणि त्याला हाक मारणं सोडलं. त्याची बायको मंगली बाळंतिणींना न्हाऊ घाली, नवरीला हळद लावी. तिलाही कुणी बोलवीना. विहिरीवर बायका म्हणत, "दूर राय वो मंगली, आमच्या माना शाबूत राहू दे." मंगली घागर आपटून नवऱ्यावर ओरडे, "तुले कोनं सांगतलं होतं साऱ्यायच्या माना मोडाले?" तो वस्तऱ्याला धार लावत बसे.

पण दहाव्याला डोकी भादरायला म्हाली हवाच, आणि जवळपास दुसरा नव्हता. मयताचे धाकटे भाऊ नानाजी नदीवर आधी बसले. मंगली पाण्याचा लोटा घेऊन उभी होती.

"इतवारी, मान हिसकू नको माही," नानाजी हळूच म्हणाले.

"काऊन जी?"

नानाजींनी मागं पाहिलं. भाऊबंद लांब होते. "डाक्टरनं भाऊचं डोस्कं खोलून पाह्यलं. म्हने, मानेतून चार नसा रक्त घेऊन वर जातेत, मेंदूखाली त्यायचं कडं रायते. एक बंद पडली तं बाकीच्या निभावून नेतेत. भाऊचं कडं जन्मापासून तुटकं, एक नस तं सुतावानी. दुसऱ्याले एवढं झालं नसतं म्हने. सख्ख्या भावाचंही तसंच असू शकते."

मंगली लोटा ठेवून पुढं आली. "मंग हे साऱ्यायले सांगा नं जी! माह्या मानसाले गाव खुनी म्हनून राह्यलं."

"चंदाची सोयरीक जुळून राह्यली, मंगली. घराण्यातच खोट हाये म्हनलं तं माही पोरगी कोन नेईन?"

मंगलीनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं आता तरी तोंड उघडावं. त्यानं वस्तरा पुसला. "नस बारीक असन," तो म्हणाला, "पन झटका तं म्याच देल्ला." आणि हलक्या हातानं नानाजींचं डोकं भादरलं.

गाव पुन्हा त्याच्याकडे परतलं नाही. इतवारी बांबू तोडायला जंगलात जाऊ लागला.

वर्षश्राद्ध उरकलं आणि फाल्गुनात नानाजींनी मंगलीला चंदाच्या हळदीला बोलावलं. तोंड मिटून राहिल्याची ही परतफेड, हे तिला कळलं. तरी ती धुतलेलं लुगडं नेसून गेली. हळदीची वाटी उचलते तोच विहीणबाईंनी विचारलं, "तूच का वो त्या मानमोड्याची?"

पाटावर चंदा अंग चोरून बसली होती. दाराशी नानाजींचा चेहरा उतरला. खरं सांगायला मंगलीला एक वाक्य पुरलं असतं.

"हो बाई," ती म्हणाली. "माह्याच मानसाच्या हातानं गेले ते."

"मंग पोरीले हात नोको लावू."

मंगलीनं वाटी खाली ठेवली. नानाजींच्या बायकोनं मागच्या दारानं तिच्या पदरात बुंदी घातली.

घरी इतवारी वाट पाहत होता. "बोलावलं नं शेवटी?"

"बोलावलं," ती म्हणाली, आणि सगळी बुंदी त्याच्यापुढे ठेवली.