राखीव कपाटातली एकच प्रत

आमची आई संगीत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात राखीव कपाट सांभाळते. सर लोक यादी देतात, ती पुस्तकं बाजूला काढायची आणि दोन तासांसाठी द्यायची, तीही तिथेच बसून वाचायला. एकतीस वर्षं हेच. पोरं तिला जेलरबाई म्हणतात. मी तिथेच शिकते, त्यामुळे मीही म्हणते. घरी नाही, अर्थात.

यंदा पियानोच्या सरांनी परीक्षेच्या आठ दिवस आधी यादी धाडली. एवढा विद्वान माणूस, घाई कशाला करेल? यादीत एकच स्वरलिपीचं पुस्तक, अख्ख्या कॉलेजात तिची एकच प्रत आणि वाचणारे आम्ही बेचाळीस. आईने कपाट उघडलं तर जागा रिकामी, वहीत नोंदही नाही. सर वर्गात म्हणाले, मी यादी दिली, पुढचं ग्रंथालयाने बघावं.

मग काय, आमच्यातला क्रांतिकारक जागा झाला. जेलरबाईने पुस्तक हरवलं, तिला हटवा, असा अर्ज प्राचार्यांकडे गेला. सगळ्यांनी सह्या केल्या. माझी नसती तर 'लेक कुणाची' हे निघालंच असतं, म्हणून मीही ठोकली. प्राचार्यांनी आईला बजावलं, उद्यापर्यंत पुस्तक आणा, नाहीतर निवृत्तीपर्यंत तळघरातल्या गोदामात बसा.

त्या रात्री आई जेवली नाही. सकाळी तिला आठवलं. सहा वर्षांपूर्वी 'पाच मिनिटांत आणतो' म्हणून सरांनीच ते नेलं होतं. एवढ्या मोठ्या माणसाकडे सही कशी मागायची, म्हणून तिने नोंद केली नव्हती. जन्मात एकदा नियम मोडला, तोही कुणासाठी बघा!

भर तासाला ती वर्गात आली आणि सरांना वर्गातलं त्यांचं स्वतःचं कपाट उघडायला सांगितलं. सरांचा पारा चढला. माझ्यावर संशय घेता का, म्हणाले.

"तुमच्यावर नाही सर, कपाटावर," आई म्हणाली.

कपबशांखालून पुस्तक निघालं. जुनी छपाई, पानं कडेला एकमेकांना जोडलेली, वाचणाऱ्याने कापून घ्यायची. पहिली चार पानं तेवढी कापलेली होती. सर ही रचना आम्हाला डोळे मिटून शिकवायचे आणि आम्ही त्याला तल्लीनता समजायचो. आईने तिथेच पट्टीने उरलेली पानं सावकाश सोडवली. सर खिडकीबाहेर बघत राहिले.

प्राचार्यांनी अर्ज निकाली काढला आणि तो कागद आईच्या हातात दिला. माफी कुणी मागितली नाही, एवढा वेळ कुणाला आहे?

संध्याकाळी आई तो कागद घेऊन माझ्यासमोर बसली. मी वहीत डोकं खुपसलं.

"बाकीच्यांनी निदान लाजून गिचमीड केलंय," ती म्हणाली. "सतराव्या नंबरची सही मात्र स्वच्छ वाचता येते."