खंडेनवमीचा सर्व्हिस पॅक

बसा, चहा होऊ द्या. आमच्या घरच्या कॉम्प्युटरचा विषय तुम्ही काढलाच आहे, तर माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका. आमच्या हिला, शोभाला, सांगायला बसवलं तर ती तिखटमीठ लावेल. खरं म्हणजे लावायची काही गरजच नाही, मूळचीच भरपूर झणझणीत आहे.

तेव्हा मी इथल्या कारखान्यात मेंटेनन्सचा फोरमन होतो. लेथ असो की प्रेस, माझ्या परवानगीशिवाय मशीनला कोणी बोट लावत नसे. मशीन दुरुस्तीला घेतलं की त्यावर लाल पुठ्ठ्याचा टॅग लटकवायचा, ‘हात मत लगाइए, काम चालू है’. लटकवायचा मी आणि काढायचाही मीच. ही शिस्त मी विजय नगरच्या घरी आणली आणि तिथंच घात झाला.

आमची केतकी टोरंटोला. तिला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण, म्हणजे लेकीनं माहेरी यायचं, नाहीतर निदान आईनं तरी जायचं. पण नेमकं तेव्हाच शोभाच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. विणलेल्या झबल्यांचा गठ्ठा ती रोज उघडायची आणि पुन्हा घडी करून ठेवायची. मला ते पाहवत नसे, मग मी उगाच बाहेर जाऊन स्कूटर पुसायचो.

केतकीनंच मार्ग काढला. बारसं दसऱ्याला, आपल्याकडे संध्याकाळ, त्यांच्याकडे सकाळ. कॉम्प्युटरवर कॅमेरा लावायचा आणि आईनं इथं बसून पाळणा पाहायचा. शोभाचा चेहरा कसा उजळला म्हणता! मी त्याच दिवशी सदरच्या बाजारात जाऊन कॅमेरा आणला.

तर केतकीचा फोन. ‘‘बाबा, तुमची सिस्टिम फार जुनी होऊन गेली. तिच्यावर सर्व्हिस पॅक टाका, नाहीतर कॅमेरा चालणार नाही. मी सीडी पाठवून राहिली. सीडी टाकायची, ते विचारेल तसं हो म्हणायचं. बस.’’

‘‘मला काय शिकवतेस? जिंदगी गेली मशीनं दुरुस्त करण्यात.’’

‘‘म्हणूनच सांगून राहिली, बाबा.’’

सीडी आली ती खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. नवमीला सुट्टी, म्हणून सकाळीच कामाला लागलो. सीडी घातली, दोन-तीनदा हो म्हटलं, आणि स्क्रीनवर एक हिरवी पट्टी सरकू लागली. वर इंग्रजीत ताकीद लिहिलेली, की काम चालू आहे, थांबा, कॉम्प्युटर बंद करू नका. मला कोण आनंद झाला! हे आपल्यातलंच कोणीतरी लिहिलंय असं वाटलं. मी कपाटातून लाल टॅग काढला. टांगायला दुसरी जागा नव्हती, म्हणून मॉनिटरवर बसवलेल्या त्या नव्या कॅमेऱ्याच्या मानेत अडकवला.

तेवढ्यात शोभा पूजेचं तबक घेऊन आली. खंडेनवमीला आमच्याकडे विळीपासून माझ्या मापाच्या वर्नियरपर्यंत सगळ्या अवजारांची पूजा असते आणि त्या वर्षी तिला कॉम्प्युटरचीही करायची होती. एकदा पूजा मांडली की दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला उत्तरपूजा होईपर्यंत अवजाराला हात लावायचा नाही, पूजा हलवायची नाही. कारखान्यातही हेच. त्या दिवशी साहेबांनी जरी सांगितलं तरी कोणी मशीन सुरू करत नाही.

‘‘थोडं सरका. कलश इथंच मांडते, स्क्रीनसमोर.’’

‘‘मांड. आपोआप चालू आहे, त्याला आपला हात लागतच नाही.’’

तिनं तांब्याचा कलश ठेवला, आंब्याची पानं लावली, वर चांगला शेंडीचा भलामोठा नारळ. स्क्रीनचा उजवीकडचा खालचा कोपरा झाकला गेला, पण पट्टी आणि ताकीद दोन्ही दिसत होती. मी म्हटलं, उत्तम.

दुपारपर्यंत पट्टी शेवटाला आली. नखभर राहिली असेल. आणि तिथंच थांबली.

आता तुम्ही म्हणाल, काहून थांबली ते पाहायचं ना. पण मी पडलो जुना माणूस. मशीन जड काम करत असलं की थांबल्यासारखं दिसतं, तेव्हा घाई करायची नसते, असं मी पोरांना पंचवीस वर्षं शिकवत आलेलो. शिवाय समोर लिहिलंय ना, थांबा म्हणून? मी थांबलो.

फक्त एक भीती होती. वीज. त्या वर्षांत आमच्याकडे वीज पाहुण्यासारखी यायची. ती गेली की कॉम्प्युटर बंद, कॉम्प्युटर बंद की शोभाचं बारसं बुडालं. मी धावत शेजारी तिवारीजींकडे गेलो. त्यांच्याकडे इन्व्हर्टर होता. भला माणूस, काही विचारलं नाही, बॅटरीसकट उचलून दोघांनी आमच्याकडे आणला. ‘‘बिटिया का काम है, फोरमन साहब, हम एक दिन अँधेरे में रह लेंगे.’’ आणि अंधारात कशाला राहायचं म्हणून ते आणि भाभी आमच्याकडेच येऊन बसले.

बॅटरी लहान, म्हणून मी घरातला बाकीचा भार कमी केला. पंखे बंद. दिवे बंद, समईवर भागवा. फ्रिज बंद.

‘‘अहो, फ्रिजमध्ये दसऱ्याच्या श्रीखंडाचा चक्का आहे.’’

‘‘शोभा, तुला नात पाहायची आहे की श्रीखंड खायचं आहे?’’

तिनं त्या वेळी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

मग मला फोन आठवला. केतकीनं कधीतरी बजावलं होतं, इंटरनेट चालू असताना फोन वाजला की सगळं तुटतं. आता सीडीचा आणि फोनचा काय संबंध? काही नाही. पण सुरक्षिततेच्या बाबतीत मी कधी कमी पडलेलो नाही. रिसीव्हर काढून बाजूला ठेवला आणि वर उशी.

यानंतर पाळ्या लावल्या. स्क्रीन मधूनच आपोआप काळी व्हायची, मग सगळे एकदम उठून उभे राहायचे. पण माउसला हात लावायचा नाही ही माझीच आज्ञा. त्यावर तिवारीजींनी उपाय शोधला. टेबलाला हळूच धक्का द्यायचा, की माउस हलायचा आणि उजेड यायचा. ज्याची पाळी त्यानं टेबल हलवायचं आणि पट्टी पाहायची. सगळी रात्र, सगळी सकाळ. पट्टी नखभर राहिली होती ती नखभरच.

दसऱ्याला ऊन कलल्यावर तिवारीजी हळूच म्हणाले, ‘‘भाईसाहब, ये कहीं सो तो नहीं गई?’’

‘‘काम चालू है,’’ मी टॅगकडे बोट दाखवलं.

शोभा काठापदराची साडी नेसून केव्हाची समोर खुर्ची टाकून बसली होती. मांडीवर झबल्यांचा गठ्ठा. बारशाला आता थोडाच वेळ उरला होता. ती म्हणाली, ‘‘नाही झालं तरी चालेल हो. फोटो पाठवेल केतकी.’’ इतक्या समजूतदारपणे म्हणाली की मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात पोळ्या करायला घरी गेलेल्या तिवारी भाभी धापा टाकत परत आल्या.

‘‘भाईसाहब, केतकी का फोन आया था हमारे यहाँ. कल से आपका नंबर नहीं लग रहा. रो रही थी, पूछ रही थी पापा ठीक तो हैं?’’

‘‘तुम्ही काय सांगितलं?’’

‘‘मैंने कहा, पापा ठीक हैं बेटा, कंप्यूटर की हालत नाज़ुक है.’’

मी उशी बाजूला केली, रिसीव्हर जागेवर ठेवला. ठेवला नाही तोच घंटी. शोभानं स्पीकर लावला.

‘‘बाबा, काय करून राहिले तुम्ही? पाहुणे यायला लागले इथं. झालं का नाही अजून?’’

‘‘चालूच आहे. थोडंसंच राहिलं.’’

‘‘कालपासून? दोन-तीन तासांचं काम आहे ते. काहीतरी विचारत असेल. स्क्रीनवर काय लिहून आहे?’’

मी अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं.

‘‘खाली एखादा छोटा चौकोन? बटन?’’

‘‘नाही.’’

‘‘नीट पाहा. खाली उजव्या कोपऱ्यात काय आहे?’’

‘‘उजव्या कोपऱ्यात? नारळ.’’

मग केतकी एकेक शब्द मोजून म्हणाली, ‘‘बाबा. नारळाच्या मागे काय आहे?’’

मी मान वाकडी केली. दिसेना. भिंतीला गाल टेकवून, एक डोळा मिटून पाहिलं. आंब्याच्या दोन पानांच्या फटीतून एक छोटासा चौकोन माझ्याकडे पाहत होता. ‘पुढे जाऊ का? हो. नाही.’

एवढंच. कालपासून ते बिचारं विचारत होतं, आणि आम्ही चार शिकलीसवरली माणसं त्याच्यासमोर बसून टेबल हलवत होतो.

मी माउसकडे हात नेला आणि तिथंच थांबलो. उत्तरपूजा व्हायची होती. पूजेत ठेवलेल्या अवजाराला हात कसा लावणार? मी शोभाकडे पाहिलं. देवाधर्माच्या बाबतीत ती माझ्याहून कडक. तिनं घड्याळ पाहिलं, उठली, कलशावर चार अक्षता टाकल्या, नमस्कार केला आणि नारळ उचलून बाजूला ठेवला.

‘‘अगं, दिवेलागण व्हायची आहे अजून.’’

‘‘देवीला बी पाहायची असन ना पोरगी,’’ ती म्हणाली. ‘‘दाबा तुम्ही.’’

मी ‘हो’ दाबलं. पट्टी टुणकन शेवटाला गेली, कॉम्प्युटर बंद झाला, पुन्हा सुरू झाला. मग फोन ठेवून दिला, त्याच तारेवरून इंटरनेट कुरकुरत, शिट्ट्या मारत लागलं, आणि स्क्रीनवर आधी एक धूसर चौकोन, मग पाळणा, मग पाळण्यातलं ते लाल गाठोडं. चित्र अडखळत येत होतं. पोरगी जांभई द्यायला लागली की तोंड मिटायला मिनिट लागायचं. शोभा एकेक झबलं उचलून स्क्रीनसमोर धरत होती, हे पहिल्या महिन्याचं, हे तिसऱ्याचं. डोळ्यांतून पाणी, आणि तोंडानं पाळणा. भाभींना मराठी पाळणा येत नव्हता, तरी त्याही सुरात सूर मिळवत होत्या. बाळाचं नाव ठेवलं ईरा. मी स्क्रीनच्या अगदी जवळ जाऊन म्हटलं, ‘‘ईरा, मी आजोबा. दिसतो का तुला?’’

तिकडे बराच वेळ कुजबुज झाली. मग जावई फार अदबीनं म्हणाले, ‘‘बाबा, तुमचा आवाज मस्त येतोय. पण मघापासून आम्हाला तुमच्यापैकी कोणीच दिसत नाहीये. झबली पण नाही. सगळं लाल दिसतंय, आणि त्यावर हिंदीत काहीतरी लिहिलंय.’’

कॅमेऱ्याच्या मानेतला टॅग, नेमका भिंगासमोर लोंबत होता. मीच लटकवलेला. आणि माझ्याशिवाय त्याला हात लावायची कोणाची हिंमत नव्हती.

काढला म्हणा लगेच, आणि शोभानं पुन्हा पहिल्या झबल्यापासून सुरुवात केली. आंबट श्रीखंडही आम्ही चौघांनी साखर घालघालून संपवलं. पण जावयांनी तोवर स्क्रीनचा फोटो काढून ठेवला होता. ईराच्या बारशाच्या अल्बममध्ये पहिल्या पानावर तो लाल टॅग आहे आणि खाली केतकीच्या अक्षरात लिहिलंय, ‘आजोबा’.

ईरा आता मोठी झाली. मराठी समजते तिला, बोलता फारशी येत नाही. मागच्या सुट्टीत आली, तर मी तिच्या मोबाइलकडे जरा पाहिलं. कोपऱ्यात अपडेटचा लाल ठिपका होता. मी म्हटलं, आण बेटा इकडे, मी करून देतो.

तिनं मोबाइल छातीशी धरला आणि एकही उच्चार न चुकवता म्हणाली, ‘‘आजोबा, हात मत लगाइए. काम चालू है.’’