कोटाखालची माती

निमगाव केतकीच्या सर्जेरावाला देवानं अंग देताना हात सैल सोडला आणि अक्कल देताना मूठ आवळली, असं त्याचे वस्ताद कुंडलिकतात्या त्याच्या तोंडावर सांगत. तरी जीव होता त्यांचा त्याच्यावर. तालमीत एक रीत होती: पठ्ठा हरला, की त्याच्या पाठीची माती वस्तादांनी आपल्या फेट्यानं पुसायची. सर्जेरावासाठी तात्यांना फेटा फारसा सोडावा लागला नव्हता.

मग सन तेहतीसच्या सुमारास पुण्याचा एक ठेकेदार आला आणि ह्याला कुस्त्या खेळायला सिंगापूरला घेऊन गेला. निघताना हा म्हणाला, "गावाचं नाव काढतो." खोटारडा! इंदापूरच्या मैदानात कुस्ती बरोबरीत सुटली आणि लोक हसले, ते ह्याला सोसलं नव्हतं. जिथं कुणी ओळखत नाही तिथं मोठं होणं सोपं, एवढीच त्याची मर्दुमकी.

तीन वर्षांनी परतला तो बूट घालून, भर उन्हात लोकरी कोट चढवून. तालमीत शिरताना मातीला हात लावून कपाळी न्यायचंही विसरला.

"तितं आपल्यावानी माती न्हाय, तात्या. गादी असती. बोटीवर पोटात अन्न ठरंना, तितं गेल्यावर भाकरी मिळंना, तापानं फणफणलो तरी पाणी द्यायला कुणी न्हाय. पन टाळ्या काय पडत्यात म्हनता!"

"जिकलास किती?"

"त्ये ठेकेदार ठरवायचा. त्यानं तांबडा रुमाल झटकला, की आपुन पडायचं. डोस्कं लागतंय त्याला."

तात्या पचकन थुंकले. घरच्या म्हशीचं दूध पाजून वाढवलेला गडी सातासमुद्रापलीकडून पडायला शिकून आला होता, आणि वर मिशीला पीळ देत होता! तरी वेडं मन म्हणालं, अंग तर तेच आहे. गावच्या जत्रेत एकदा खरा लढला तर सगळं धुऊन निघेल. त्यांनी काटेवाडीच्या झुंबरशी त्याची जोड लावली.

हलगी कडाडली. सर्जेरावानं झुंबरला हां हां म्हणता खाली घेतलं, कंबर आवळली. आता एक हिसका, की झुंबर चीत. तात्यांचे डोळे भरून आले. आपला पठ्ठा आपल्याला परत मिळाला, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात समोर बसलेल्या आप्पासाहेब पाटलांनी घाम पुसायला तांबडा रुमाल काढला आणि झटकला.

सर्जेरावाची पकड ढिली पडली. झुंबर वर येतो न येतो तोच हा गडी आपणहून पाठीवर आडवा झाला. झुंबरसुद्धा बावचळून बघत राहिला. लोकांना काहीच उमगलं नाही. तात्यांना उमगलं.

भानावर आलेला सर्जेराव मान खाली घालून तात्यांपुढं आला आणि रीतीप्रमाणं पाठ करून उभा राहिला. दोन्ही खांदे मातीनं माखले होते. तात्यांचा हात फेट्याकडं गेला. त्यांनी तो डोक्यावर आणखी घट्ट बसवला.

"कोट घाल," ते म्हणाले. "झाकंल."